बारा उंदरांचं गाऱ्हाणं

आमच्या ह्यांनी आयुष्यात एकदाच खोटं लिहिलं. तेही दोनच शब्द. 'बारा मारले.' खाली तारीख, खाली सही, गुणाजी. अक्षर मात्र नेहमीपेक्षा चांगलं आलं होतं. खोटं लिहिताना माणूस जपून लिहितो.

पंच्याऐंशी साल होतं. आम्ही तेव्हा अंधेरी पूर्वेला, मरोळच्या चाळीत राहत होतो. हे मूळचे कणकवलीकडचे. मुंबईत वीस वर्षं एका गिरणीत, कापूस पिंजायच्या खात्यात होते. ब्याऐंशीला संप झाला आणि गिरणीचं दार लागलं ते ह्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. सव्वा वर्ष हे घरात बसले. नुसते बसले असते तरी चाललं असतं. पण हाताला सवय कामाची. आज स्टोव्ह उघड, उद्या खिडकीचं बिजागर काढ. शेवटी माझं शिवणाचं मशीन उघडून बसले. त्यातला एक स्क्रू मला अजून सापडायचा आहे.

आमच्या चाळीत भीमराज म्हणून होता. आरे कॉलनीच्या टोकाला एक संशोधनाची संस्था होती, तिथे तो वॉचमन. एक दिवस चहा पिता पिता म्हणाला, "गुणाजी, आमच्या उंदीरघरात माणूस पाहिजे."

"उंदरांक काय करूचा?"

"खाऊ घालायचं, पिंजरे साफ करायचे."

"आमच्या खोलीत ते फुकट खातत."

"अरे, तिकडे पगार देतात."

"उंदरांक?"

"तुला रे, बाबा!"

असे हे उंदरांच्या नोकरीला लागले. रोजंदारीवर. तिथले मोठे साहेब म्हणजे डॉक्टर मधुकर सबनीस. उंच, पांढरे केस, शब्द मोजून बोलणारे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तीन वर्षं नीट काम केलंत, तर शहाऐंशीच्या एप्रिलच्या एक तारखेला कायम करू." कायम. ज्या घरातली गिरणी बुडाली त्या घरात हा शब्द कसा ऐकू येतो ते काय सांगू? मी तर तेव्हापासून रोज तारखेचं पान फाडायला लागले, जशी काही मी फाडल्यानं एप्रिल लवकर येणार होता.

ह्यांना ते काम आवडेल असं मला वाटलं नव्हतं. पण माणूस कुठे रुजेल सांगता येत नाही. सकाळी उंदीरघराचं दार उघडलं की दिवा लावायच्या आधी हे नुसतेच उभे राहत आणि वास घेत. वासावरून सांगत, तिसऱ्या फळीवर कोणीतरी आजारी आहे. गिरणीत पट्ट्याच्या आवाजावरून मशीन कुठे दुखतंय ते सांगायचे, तसंच. पिंजऱ्यातला भुसा बदलताना हळू आवाजात दशावतारातलं काहीतरी गुणगुणायचे, म्हणजे उंदीर दचकत नाहीत म्हणे. प्रत्येकाच्या कानाला भोकं पाडलेली असायची, डाव्या कानाला एक म्हणजे एक नंबर, दोन म्हणजे दोन. ह्यांना भोकं बघायची गरज पडत नसे. शेपटीवरून ओळखायचे.

मारणं हाही कामाचाच भाग होता. बरणीत गुंगीचं औषध, उंदीर आत, झाकण. ते हे करत. पण ज्या दिवशी केलं त्या दिवशी घरी येऊन ताटातला बांगडा बाजूला सारत. मालवणी माणूस समोरचा बांगडा सोडतो, यावरून काय ते समजा.

तिथेच अनुपमा होती. कर्णिकांची मुलगी, मुलुंडहून यायची. पंचवीस-सव्वीसची, केसांत पेन्सिल खोचलेली आणि ती शोधत फिरणारी. डॉक्टरकी शिकत होती, म्हणजे औषध देण्याची नव्हे, पुस्तक लिहायची. ह्यांना मामा म्हणायची, पुढे मला मामी. ह्यांचा खोकला ऐकून एक दिवस म्हणाली, "मामा, या काचेवर थुंका."

"बाईमाणसासमोर?"

"मामा, मी रोज उंदरांची आतडी बघते. थुंका."

मग तिनं त्या काचेला रंग लावला आणि ह्यांना भिंगातून बघायला सांगितलं. मोठी मोठी गोल काहीतरी, आणि प्रत्येकाच्या पोटात काळे ठिपके, तीळ भरल्यासारखे.

"ह्यो काळो कोण?"

"तुमच्याच छातीतला आहे. याचं काम खाणं. धूळ, धूर, जंतू, मेलेलं काही, जे नको ते गिळायचं. तुम्ही गिरणीत जे ओढलंत ना, ते याच्या पोटात आहे."

"वीस वर्सां हो गिळता हा?"

"हाच नाही. एक मेला की दुसरा येतो आणि त्याचं उरलेलंही गिळतो."

ह्यांनी डोळा काढला, पुन्हा लावला. त्या संध्याकाळी घरी आले ते छातीवर हात ठेवूनच. "शेवंते," म्हणाले, "माज्या छातीत झाडूवाले आसत गो. बिनपगारी." मी म्हटलं, मग त्यांना सांगा, रात्री खोकताना जरा हळू झाडा.

पण त्या दिवसापासून ह्यांना नाद लागला. दुपारी चहाला पायरीवर बसले की अनुपमाला विचारायचे, आणि ती सांगायची. तिला तरी दुसरं कोण विचारत होतं! नुसत्या छातीतच नाहीत म्हणे, सगळीकडे अशी माणसं बसवलेली आहेत. काळजाखालच्या यकृतात बसलेले म्हातारं झालेलं रक्त मोडीत काढतात. कातडीतले पहारेकरी, हातपाय पसरून बसलेले. काटा बोचला, घाण आत शिरली, की त्याचा तुकडा उचलून काखेतल्या नाहीतर जांघेतल्या गाठीपर्यंत जातात आणि तिथल्या पलटणीला दाखवतात, की असला असला माणूस घुसलाय. म्हणून जखम पायाच्या बोटाला आणि अवधाणाची गाठ जांघेत. हे ऐकून मला माझी आई आठवली. ती अवधाणावर गरम राखेची पुरचुंडी शेकायची. तिला कुठे माहीत, आत फौज जमलीय. आणि मेंदूतही एक जात आहे, फांद्या फुटल्यासारखी, सारखी आजूबाजूला चाचपत बसणारी.

"हे सगळे येतत खंयसून?" ह्यांनी विचारलं.

"हाडांतल्या मगजातून. तिथे जन्मतात, रक्तातून फिरतात, जागा मिळेल तिथे उतरतात आणि तिथलंच काम शिकतात."

"आमच्यासारखे. यष्टीतून उतारले, मिळात त्या खात्यात लागले."

"अगदी तसंच, मामा."

ह्यांनी कपातला चहा संपवला. समोर आरेचं रान, त्यात आदिवासी पाड्यांतल्या बायका मोळ्या घेऊन चाललेल्या. मग म्हणाले, "पण म्याडम, आरेत कॉलनी झाली, गोठे इले, आमी इलो. पाडे आदीचेच. तसा हाडांतलो मगज तयार होवच्या आदी, आवशीच्या पोटात असताना, झाडू कोण मारी होतो?"

"पुस्तकात तर सगळेच हाडांतून येतात असं आहे," अनुपमा म्हणाली, आणि केसांतली पेन्सिल काढून चावायला लागली.

तिचं काम त्याच गोष्टीवर होतं. ते मला पुढे इतक्या वेळा ऐकावं लागलं की पाठ झालं. काळ्या आणि पांढऱ्या उंदरांची पोरं करडी होतात. पांढऱ्या उंदराला किरणांच्या यंत्राखाली ठेवून त्याचा स्वतःचा मगज मारायचा आणि त्याच्या अंगात करड्याचा मगज सोडायचा. उंदीर बाहेरून पांढराच राहतो, आतलं रक्त मात्र करड्याचं होतं. मग ठराविक दिवसांनी तो उंदीर मारून त्याच्या यकृताच्या, कातडीच्या, मेंदूच्या चकत्या काढायच्या आणि एक खास रंग द्यायचा. करड्याच्या घरातून आलेली पेशी तपकिरी दिसते. जुनी दिसत नाही. म्हणजे भिंगाखाली कळतं, यातले नवे आलेले किती आणि जुने राहिलेले किती.

चाळीस उंदीर होते. आठ आठवड्यांपर्यंतचं बघायचं ठरलं होतं. अठ्ठावीसात तिचं काम भागलं, बारा उरले. पिंजरे दुसऱ्या कामाला हवे होते. सबनीस साहेबांनी सांगितलं, "गुणाजी, तुम्ही गणपतीला गावी जाणार ना? जायच्या आधी ते बारा संपवून जा, आणि रजिस्टरात लिहा."

त्या वर्षी गावच्या घरात गणपती बसवायची पाळी आमची होती. धाकू, म्हणजे ह्यांचा धाकटा भाऊ, त्याची पत्रावर पत्रं येत होती. बाप्पाचा पाट कधीच रंगवून झाला होता. आणि इकडे ह्यांना त्याच्याच वाहनाचे बारा जीव घेऊन गाडीत बसायचं होतं.

दुपारचे चार वाजले असतील. मी तांदूळ निवडत होते. हे कामावरून लवकर आले आणि उंबऱ्यातच बसले.

"काय झालं?"

"बारा मारले म्हणून लिवलंय."

"मग?"

"मारूक नाय."

सूप माझ्या हातात तसंच राहिलं. "मग कुठे आहेत?"

"मागल्या बाजूक पेंडीची जुनी खोली आसा, थंय ठेवलंय. मोडके पिंजरे होते, ते तारेन बांदून घेतलंय."

"अहो, सात महिन्यांवर एप्रिल आलाय. कोणाला कळलं तर?"

"गणपती घराक आणूक जातंय, शेवंते. हात उठना नाय. येवन मगे मारतंय."

"आणि तोवर त्यांना खायला कोण घालणार?"

हे नुसते माझ्याकडे बघत राहिले. तेव्हा मला कळलं, मी या वर्षी गावी जात नाही.

चाळीत आणि गावी सांगितलं की माझा पाय मुरगळला. खरं वाटावं म्हणून फडकं बांधलं. पहिल्या दिवशी डाव्या पायाला बांधलं, दुसऱ्या दिवशी उजव्या. शेजारची जयंती म्हणाली, "मुरगळ फिरती आहे वाटतं?" मी म्हटलं, वातच तो, फिरायचाच. धाकूच्या बायकोनं तिकडे गावभर केलं, की पाळीच्या वर्षी मोठी जाऊ चुलीला घाबरून मुंबईत राहिली. ते मला अजून ऐकवतात.

आणि मी कोण? झुरळ दिसलं तरी ओट्यावर चढणारी. भीमराज मला मागच्या दारानं आत घ्यायचा. पहिल्या दिवशी दारातूनच खाद्याच्या गोळ्या फेकल्या आणि पळाले. भीमराज हसून म्हणाला, "वहिनी, कबुतरं आहेत का?" तिसऱ्या दिवशी पिंजऱ्याला हात लावला. पाचव्या दिवशी तीन नंबर माझ्या बोटाचा वास घेऊन गेला, एवढंसं ओलं नाक. ह्यांनी मला एक शाळेची वही दिली होती. कोणी किती खाल्लं, पाणी किती, कोण सुस्त. मी चौथी शिकलेली, आकडे येतात, बाकीचं मोडकं तोडकं. पण बजावून गेले होते, "जा काय देशीत, ता सगळा लिव. सगळा."

चतुर्थीच्या दिवशी मी एकटीनं पाच मोदक केले. घरात पुजायला गणपती नव्हता. नैवेद्य कोणाला दाखवायचा? मग डबा घेऊन गेले पेंडीच्या खोलीत. एकेकाला चिमूटभर सारण. आणि वहीत लिहिलं.

हे गावाहून आले. आज मारतो, उद्या मारतो करत पितृपक्ष लागला. पितृपक्षात कसं मारायचं? मग नवरात्र. मग दिवाळी. आमच्या सणांना खंड असतो का? पुढे सणांची गरज उरली नाही. ह्यांनी वहीत दर आठवड्याला वजनं लिहायला सुरुवात केली, चांगल्या पिंजऱ्यातल्या उंदरांची जी बडदास्त तीच ह्यांची. बारा मेलेले उंदीर असे आरामात म्हातारे होत होते, आणि मी एप्रिलची वाट बघत पानं फाडत होते.

मार्च आला. अनुपमानं लिहिलेलं बाहेरच्या परीक्षकांकडे गेलं होतं, त्यांचं पत्र आलं. तिला कातडीत आणि मेंदूत तपकिरी पेशी जवळजवळ दिसल्याच नव्हत्या. परीक्षकांचं म्हणणं, आठ आठवडे हा काय काळ झाला? तिथे बदली सावकाश होते. निदान आठ महिन्यांचे उंदीर दाखवा, नाहीतर हे धरता येणार नाही. जूनअखेर मुदत. आठ महिन्यांचे उंदीर आणायचे कुठून? नव्यानं सुरुवात केली तर वर्ष जाणार. ती दोन दिवस पायरीवर बसून होती, चहा न पिता. शनिवारी ह्यांना म्हणाली, "मामा, सोमवारी मी साहेबांना कागद देते. सोडते हे. बाहेरगावी एक नोकरी आहे, ती घेते."

रविवारी सकाळी मी मोरीत मासळी साफ करत होते. हे मागे येऊन उभे राहिले.

"शेवंते, सांगान टाकूचा लागतला."

मला समजलं कशाबद्दल. मी मागे वळलेच नाही. "एक तारखेला पंधरा दिवस राहिलेत. कागद हातात पडू दे, मग सांगा. उंदीर कुठे पळून जातायत?"

"उंदीर नाय, पोर पळता हा. उद्या."

"तिला दुसरी नोकरी आहे ना? आपल्याला आहे?"

मी शहाणपणाचं बोलले. माझं आजही म्हणणं आहे, की घर चालवणाऱ्या बाईनं तेच बोलायला हवं होतं. हे म्हणाले, "तीन नंबर कालपासून खायना नाय. बाराय म्हातारे झाले. आनी तू भर चवथीक हय रवलंस ती कशाक? त्येंका नुसती जगवक?"

मी म्हटलं, "तुम्हाला जे करायचं ते करा, पण आज बांगडा टाकायचा नाही ताटातला." त्यांनी खाल्ला. दोन खाल्ले. तेव्हाच ओळखलं, ठरलं.

पुढचं मला भीमराजनं सांगितलं. तो साहेबांच्या दारामागेच उभा होता, राखण करायची त्याला सवयच. अनुपमा कागद घेऊन आत, आणि तिच्या मागोमाग हे, हातात रजिस्टर आणि शाळेची वही.

"साहेब, हे वाचा."

"बारा मारले. बरं, मग?"

"मारले नाहीत."

"म्हणजे?"

"जिवंत आहेत. पेंडीच्या खोलीत."

साहेब खुर्चीतून उठले म्हणे. "सहा महिने?"

"सहा महिने, पाच दिवस."

"त्यांना आजार? खाणं बदललं? कुणात मिसळले?"

"खाणं तेच, पाणी तेच. बाहेरचा उंदीर जवळ येऊ दिला नाही. सगळं लिहिलंय."

साहेबांनी वही उघडली. पान उलटत उलटत थांबले. मोठ्यानं वाचलं, "चवथ. मोदक. बारा चीमट्या. हे काय आहे?"

"ते बायकोनं दिलं, साहेब. लिहायला मी सांगितलेलं."

अनुपमा एवढा वेळ दगडासारखी उभी होती, ती एकदम हसायला लागली, आणि हसता हसता तिनं तोंडावर पदर धरला. साहेब हसले नाहीत. रजिस्टर एका हातात, वही दुसऱ्या हातात. म्हणाले, "या वहीत मोदकाची चिमूटसुद्धा लिहिलीय, आणि या रजिस्टरात खोटं. यातल्या कुठल्या गुणाजीला मी कायम करू?"

"माझं मागाहून बघा साहेब. आधी उंदीर बघा. तीन नंबरला वेळ नाही."

बघायचं म्हणजे मारायचं. ते मला तेव्हा उमगलं, जेव्हा अनुपमानं निरोप धाडला, की मामी, तुम्ही यायला पाहिजे. साहेब दुसऱ्या माणसाला सांगणार होते. ह्यांनी हात जोडले, "माझ्याच हातानं होऊ दे. दुसऱ्याचा वास त्यांना नवा आहे."

मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही त्या पेंडीच्या खोलीत उभे होतो. मी, अनुपमा, भीमराज. बरणी टेबलावर. हे चपला बाहेर काढून आले, टोपी घातली, पिंजऱ्यांसमोर उभे राहिले आणि गाऱ्हाणं घालायला लागले. गावच्या देवळात घालतात तसं, खणखणीत.

"बा देवा, बारा गावच्या, बारा वयवाटीच्या म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा," मी आणि भीमराज म्हणालो. भीमराज तिकडचा नव्हे, पण आमच्या चाळीत राहून शिकला होता.

"आज ह्ये तुजे बारा वाहान तुज्याकडे पाटवतंय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"त्येंनी अंगार दुसऱ्याचो मगज घेतलो, म्हयने काडले, कोणाक चावाक नाय म्हाराजा!" हे खोटं होतं, सात नंबर मला दोनदा चावला होता. पण अशा वेळी कोण दुरुस्त करतो?

"व्हय म्हाराजा!"

"ह्या पोरीचा काम तडीक ने, आनी माज्या हातान काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल रे म्हाराजा!"

त्या वेळी तिसरा आवाज आला, बारीक, चिरका. "व्हय म्हाराजा." मुलुंडच्या कर्णिकांची मुलगी, डोळे मिटलेले, केसांतली पेन्सिल जमिनीवर पडलेली.

तीन नंबरला सगळ्यात आधी घेतलं. मी बाहेर गेले. पुढचं बघितलं नाही, सांगतही नाही.

दीड महिन्यानं अनुपमानं आम्हा दोघांना भिंगातून बघायला बोलावलं. आधी मला माझ्या पापण्याच दिसल्या. मग दिसलं. यकृताची चकती, तपकिरी ठिपक्यांनी भरलेली. छातीचीही तशीच. बहुतेक सगळे नवे, यष्टीतून उतरलेले. मग कातडीची. तिथे तपकिरी शोधावं लागलं. मग मेंदूची. नसांच्या कडेकडेला थोडे तपकिरी, दाराशी आलेल्या पाहुण्यांसारखे. आत काहीच नाही. "आता हे बघा," अनुपमा म्हणाली आणि दुसरी काच ठेवली, त्यात नवे जुने सगळेच दिसतील असा रंग होता. आत भरलेलंच होतं. फांद्या फुटलेले, हात पसरलेले, एकमेकांना न लागता आपापली जागा धरून बसलेले. आठ महिने मालकाच्या हाडांत परका मगज, आणि हे जुनेच, हललेलेसुद्धा नाहीत.

"पाड्यातले," हे म्हणाले.

सबनीस साहेब म्हणाले, रंग नीट चढला नसेल. पुन्हा करा. पुन्हा केलं. तेच. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं. भिंगापाशी पुष्कळ वेळ बसले आणि उठून म्हणाले, "जे दिसलं ते लिही, अनुपमा. का, ते लिहू नकोस. ते आपल्याला माहीत नाही. जगात आणखीही कोणी हेच बघत असतील, बघू काय म्हणतात." जूनमध्ये तिचं पुस्तक गेलं आणि पासही झालं. परीक्षकांनी एकच शंका काढली म्हणे, तक्त्याखाली 'मोदक' लिहिलंय ते काय? साहेबांनी ते कापू दिलं नव्हतं.

आणि एक एप्रिल? एक एप्रिल आला आणि गेला. कागद आला नाही. मी तारखेचं पान तेवढं त्या दिवशी फाडलं नाही. दोन तारखेला साहेबांनी ह्यांना बोलावलं. रजिस्टरातल्या दोन शब्दांवर एक रेघ मारायला लावली, अशी की खालचं वाचता यावं, आणि शेजारी खरं लिहून सही करायला लावली. मग म्हणाले, "खोटं किती दिवस टिकलं?"

"सहा महिने, पाच दिवस."

"मग कायमचा कागद तेवढाच पुढे. एक दिवस कमी नाही, एक दिवस जास्त नाही."

हे घरी येऊन सांगताना हसत होते. "शिक्षा मापान दिली, शेवंते. मुकादम असतो तर वरसाची दिली असती." मी रडले. रागानं की कशानं, मला आजही सांगता येणार नाही.

त्या वर्षी गणपतीला आम्ही दोघंही गावी गेलो, माझे दोन्ही पाय धड. धाकूच्या बायकोनं सगळ्यांसमोर विचारलं, "यंदा पाय बरो?" मातीच्या गणपतीच्या पायाशी एवढासा उंदीर होता. ह्यांनी जाता येता त्याच्यापुढे एक मोदक जास्त ठेवला, कोणी विचारलं नाही. आणि दसऱ्याच्या आठवड्यात कागद आला. सहा ऑक्टोबर, शहाऐंशी. त्यावर ह्यांचं पूर्ण नाव, टंकलेलं, बापाच्या नावासकट. हे तो कागद हातात धरून वास घेत उभे राहिले, उंदीरघरात राहत तसे.

चौदा वर्षं तिथेच काढली. मग निवृत्त झाले, मग खोकला वाढला, आणि बिनपगारी झाडूवाल्यांच्यानं जेवढं झालं तेवढं त्यांनी केलं. अनुपमाचं पत्र दर चतुर्थीला येत राहिलं.

परवा माझी नात क्षमा बोरिवलीहून राहायला आली होती. कॉलेजात जीवांचं काहीतरी शिकते. ओट्याशी उभी राहून मोठ्यानं पाठ करत होती, मी मोदकांची पारी करत होते. म्हणाली, मेंदूतले हे राखणदार हाडांतून येतच नाहीत. गर्भ अगदी छोटा असताना त्याच्यालगत एक पिशवी असते, त्यातून येतात. हाडं व्हायच्याही आधी. आणि मग जन्मभर तिथेच राहतात, आपली वंशावळ आपणच चालवतात.

माझा हात थांबला. "पुन्हा म्हण."

"हाडं व्हायच्या आधी, आजी. का गं?"

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.

ती हसायला लागली. "आजी, हे काय मध्येच?"

काय म्हणजे काय, बाई. बस, आणि ही पारी धर. तुझ्या आजोबांनी हे पंच्याऐंशी साली, आरेच्या पायरीवर बसून विचारलं होतं.